इनामदार सरांसाठी स्कोप

"ही नको. हिच्याहून मोठी दाखवा," गायकवाड म्हणाले.

काउंटरवर मी वीस बाय पन्नासची दुर्बीण ठेवली होती. तिच्याहून मोठी माझ्याकडं होती, पण ती माणसानं हातात धरायची नसते, तिला स्टँड लागतो. मी तसं सांगितलं.

"मग स्टँडसकट द्या. सरांना स्पष्ट दिसलं पाहिजे. बाकी मला काही माहीत नाय."

"अहो, पण ज्यांना बघायचंय त्यांना तर बोलू द्या," मी म्हटलं.

ज्यांना बघायचं होतं ते इनामदार सर खुर्चीत बसून शांतपणे हसत होते. सरांनी कन्नड गावच्या कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. घाटातला आणि वरच्या गौताळ्याच्या जंगलातला एकही पक्षी त्यांना अनोळखी नसावा. रिटायर झाल्यावर ते शहरात मुलाकडं राहायला आले. गायकवाड त्यांच्याच बिल्डिंगमधले. ते वाळूजला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होते. वस्तू मापात बसली की पास, नाही बसली की रिजेक्ट, एवढंच त्यांनी नोकरीभर केलं आणि अजूनही तेच करतात. एका रविवारी सर त्यांना पक्षी बघायला घेऊन गेले. तेव्हापासून दोघांचे रविवार एकत्र. गायकवाडांना पक्षी फारसे कळत नाहीत, पण सरांशिवाय रविवार कसा घालवायचा तेही कळत नाही.

माझं दुकान औरंगपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. वडील सर्व्हेची उपकरणं विकायचे आणि दुरुस्त करायचे. रस्ते, कालवे मोजायला लागतात ती. मी लहानपणापासून भिंगं पुसतच मोठी झाले. आता सर्व्हेवाल्यांपेक्षा पक्षीवाले जास्त येतात, म्हणून मी दुर्बिणी आणि स्कोप ठेवते. माझा स्वभाव जरा तडक आहे हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत ते पुढं दिसणारच आहे.

दुर्बीण घ्यायला येणारा माणूस पहिल्यांदा पॉवर विचारतो. दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात. समजा आठ बाय बेचाळीस. आठ म्हणजे पक्षी आठ पट जवळ दिसणार. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग जितकं रुंद तितका उजेड जास्त. लोकांना वाटतं, आठपेक्षा वीस भारी. कागदावर आहेच. पण पक्षी वीस पट मोठा होतो तसा तुमच्या हाताचा हलकासा कंपही वीस पट मोठा होतो. शिवाय दिसणारा तुकडा लहान होतो. झाड सापडतं, फांदी सापडत नाही, आणि फांदी सापडेस्तोवर पक्षी उडून जातो. म्हणून चांगले पक्षीवाले आठ नाहीतर दहाच्या वर सहसा जात नाहीत. हे मी गायकवाडांना समजावून सांगितलं.

"ते समदं खरं असंल," ते म्हणाले, "पण वीस म्हणजे वीस."

सर पाणी प्यायला आतल्या माठाकडं गेले. तेवढ्यात गायकवाड काउंटरवर वाकले आणि एकदम हळू आवाजात बोलले.

"ताई, सर म्हणत्यात, हा शेवटचा सीझन. पुढच्या थंडीला येणार नाय. म्हणत्यात, डोळ्यानं दिसत नाय आता. चष्मा बदलला, तरी तेच. तुम्ही कायतरी करा ना. मी रविवारी घरी बसून काय करू? भाजी निवडू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. एवढा धिप्पाड माणूस, आणि आवाज कसा तर शाळेतून नाव काढलेल्या पोरासारखा. मला फार वाईट वाटलं.

"चला गच्चीवर," मी म्हटलं.

दुर्बीण दुकानात बघून घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगते. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. आमच्या गच्चीवरून मागच्या गल्लीतला मोबाईलचा टॉवर दिसतो आणि त्या टॉवरवर घारीचं घरटं आहे. माझी सगळी ट्रायल त्या घारीवर चालते. डोळ्यातली बुबुळं दिसली तर दुर्बीण चांगली, नुसतीच घार दिसली तर बरी.

वर जायच्या आधी चहा आला. गायकवाडांनी पोऱ्याला बजावलं, "सरांना अर्धाच. त्यांना जास्त चालत नाय." सरांनी अर्धा ग्लास दोन्ही हातांत धरून पटकन संपवला. मी ते बघितलं आणि तेव्हा सोडून दिलं.

गच्चीवर मी सरांना आठ बाय बत्तीसची हलकी दुर्बीण दिली. चष्मेवाल्यांसाठी डोळ्याजवळची रबराची वाटी खाली फिरवून ठेवायची असते, म्हणजे चष्म्याच्या काचेवर दुर्बीण टेकून पूर्ण चित्र दिसतं. मी ती फिरवून दिली. सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"वा! वा! बहोत खूब," ते म्हणाले.

त्यांनी फोकसचं चाक फिरवलंच नव्हतं. फोकस न करता वा म्हणणारा माणूस एक तर सौजन्यानं बोलतो नाही तर त्याला गच्चीवरून लवकर खाली जायचं असतं.

"घार काय करतीय, सर?"

"बसलीय ना. घरट्यावर."

घार मघाशीच उडून गेली होती. पण मी काही बोलायच्या आधी मला एक बारीक आवाज ऐकू आला. टिक, टिक, टिक, टिक. दुर्बिणीची वाटी चष्म्याच्या काचेवर वाजत होती. सरांचे दोन्ही हात थरथरत होते. तेवढ्यात गायकवाड जोरात खोकायला लागले. आवाज थांबेना, तसे तेही खोकायचे थांबेनात.

आता माझं डोकं फिरलं.

"सर, दुर्बीण खाली घ्या. तुमचे डोळे चांगले आहेत. हात हलतोय."

गायकवाडांचा खोकला एकदम बरा झाला आणि ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी सरांच्या अंगावर हात टाकलाय.

"ताई, असं बोलत्यात व्हय?"

सर मात्र हसले. दुर्बीण त्यांनी माझ्या हातात दिली. "बरोबर आहे मॅडम. डॉक्टरांनी त्याला एक नाव पण दिलंय. काही धरायला गेलं की हलतो. गोळ्या चालू आहेत, पण तेवढ्यानं जात नाही." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त गायकवाडला सांगू नका. त्याला ठाऊक नाही. उगीच जिवाला लावून घेईल."

गायकवाड तिथंच, दोन हातांवर उभे होते.

"सर, त्यांना ठाऊक नसतं तर त्यांनी तुमचा चहा अर्धा का मागवला असता?" मी म्हटलं.

सरांनी वळून गायकवाडांकडं बघितलं. गायकवाड टॉवरकडं बघत राहिले.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"लई दिवस झाले," गायकवाड म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय."

"अरे भई, मलाही तेच वाटलं ना!" सर म्हणाले, आणि दोघं हसायला लागले. मी त्यांना बराच वेळ हसू दिलं. इतके दिवस दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून ठेवली होती आणि तीही दोघांना माहीत असलेली.

आजार कळला म्हणजे औषध शोधायचं. माझ्या धंद्यात त्याला दोन-तीन उपाय असतात. पहिला, न हलणारी दुर्बीण. तिच्यात बॅटरी असते आणि आतली भिंगं तुमच्या हाताच्या उलट सरकून चित्र स्थिर धरतात. एक माझ्याकडं ट्रायलसाठी होती. पण साधा हातकंप ती झेलते, सरांचा झेलेना. वर ती जड. जड वस्तूनं सरांचा हात आणखी हलायला लागला. रिजेक्ट, गायकवाड म्हणाले. दुसरा, दुर्बिणीखाली लावायची एक काठी, एकपायी स्टँड. त्यानं बराच फरक पडला, पण काठी धरायला हात लागतातच. तिसरा उपाय स्कोप.

स्कोप म्हणजे एका डोळ्यानं बघायची लांब नळी, तीन पायांच्या ट्रायपॉडवर बसवलेली. वीस ते साठ पट जवळ दाखवते. ट्रायपॉडनं धरलेली असते, त्यामुळं माणसाच्या हातांचा संबंध येत नाही. डोळ्याकडचा भाग सरळ असतो नाही तर वर वळवलेला. मी सरांसाठी वळवलेला काढला, म्हणजे मान जराशी खाली घालून आरामात बघता येतं आणि बुटक्या-उंच सगळ्यांना एकाच उंचीवर चालतं.

सरांनी स्कोपला हात लावला नाही.

"मॅडम, स्कोप नक्को," ते म्हणाले.

"का?"

"हे दुसऱ्यानं लावून द्यायचं काम आहे. कुणीतरी पक्षी धरून देणार आणि मी नुसता डोळा लावणार. मी आजवर लोकांना पक्षी शोधून दिलेत. मला आयता शोधून दिलेला पक्षी नको."

मी वाद घातला नाही, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट. फक्त एवढंच म्हटलं, की मी स्कोप दुकानात विकतच नाही. आधी पाण्यावर न्या, पैठणच्या नाथसागरावर दोन रविवार वापरा, मग बोलू. गायकवाडांनी स्कोप आणि ट्रायपॉड असे उचलले की जणू लेकरू दवाखान्यात नेतायत.

दोन रविवार झाले आणि सोमवारी दोघं परत आले. स्कोप पुसून, कापडात गुंडाळून काउंटरवर ठेवला.

"जमत नाही मॅडम," सर म्हणाले. "मला काही दिसलं नाही."

"मला दिसलं," गायकवाड रडवेल्या आवाजात म्हणाले. "समद्यांना दिसलं. एकट्या सरांनाच नाय."

माझ्या वस्तूवर आळ आला की मला झोंबतं. मी लगेच स्कोप गच्चीवर नेला, घारीवर लावला, आतला प्रिझम तपासला, ट्रायपॉडचे स्क्रू बघितले. सगळं जागच्या जागी होतं. घार तर इतकी स्वच्छ दिसली की तिनं काय खाल्लं तेही कळलं.

"एकाच नळीतून सगळ्यांना दिसतं आणि एकाला दिसत नाही, असं होत नसतं," मी खाली येऊन म्हटलं. "या रविवारी मी येते तुमच्यासोबत."

"या की!" गायकवाड म्हणाले. "मी घ्यायला येतो."

"कशाला त्रास?" सर म्हणाले. त्यांना मी यायला नकोच होते, पण ते मास्तर. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जमेना.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही पैठण रोडला लागलो. गायकवाड गाडी चालवत होते, सर त्यांच्या शेजारी, मी मागं स्कोप मांडीवर घेऊन. नाथसागराचं पाणी थंडीत मागं हटतं आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पक्ष्यांची जत्रा तिथंच असते. पाच-सहा मंडळी आधीच आलेली होती, सरांच्या ग्रुपमधली. कुणी बँकेतले, कुणी डॉक्टर. सगळ्यांनी सरांना नमस्कार केला आणि सगळे सरांच्या मागं चालायला लागले.

मी गुपचूप बाजूला उभी राहिले. सर्व्हेवाल्यांचं काम करताना वडिलांनी एक शिकवलं होतं, की आकडा चुकला तर आधी उपकरण बघायचं आणि उपकरण ठीक असलं तर ते वापरणाऱ्याला बघायचं.

सर जॅकेटच्या खिशात हात घालून नुसत्या डोळ्यांनी पाण्याकडं बघत होते. दूरचं त्यांना उत्तम दिसायचं. पक्ष्याचा रंग, पिसं नाही दिसली तरी तो कसा उभा आहे, कसा चालतो, यावरून त्यांना कळायचं.

"तिकडं बघा, पाण्यात तीन काड्या उभ्या आहेत, त्यांच्या जरा डावीकडं," ते म्हणाले. "मान खाली घालून चाललंय ते. बदक नाही. गायकवाड, लाव."

गायकवाडांनी स्कोप लावला. लगेच रांग लागली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, "अगंबाई!" बँकवाल्यांनी बघितलं. गायकवाडांनी बघितलं. सगळ्यात शेवटी सर पुढं झाले. तोवर पक्षी गवतामागं गेला होता.

"छोडो," सर म्हणाले. "येईल परत."

मग पट्टकादंब सापडले, डोक्यावर काळे पट्टे असलेली बदकाहून मोठी हंसांची जात. सरांनीच शोधले. परत रांग. रांगेतल्या कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागला आणि सरांची पाळी येईपर्यंत स्कोपात निव्वळ आकाश होतं. मग आणखी एक पक्षी, आणि परत तेच. सकाळभर सर शोधत होते आणि बाकीचे बघत होते.

मी गायकवाडांना एका बाजूला ओढलं.

"सर सगळ्यात शेवटी का उभे राहतात?"

गायकवाडांना माझा प्रश्नच कळेना. "नियमच हाय ना ताई. ज्याला पक्षी सापडला त्यानं सगळ्यात शेवटी बघायचं."

"कुणाचा नियम?"

"सरांचा."

हा नियम कॉलेजातला. सर पोरांना सहलीला न्यायचे आणि सगळ्यांत मिळून दुर्बीण एकच. ज्या पोराला पक्षी सापडायचा ते दुर्बिणीला चिकटून बसायचं, आणि बाकीची पोरं काही न बघता घरी जायची. म्हणून सरांनी ठरवून टाकलं, की सापडला तो शेवटी. पुढं ग्रुप झाला तरी तोच नियम राहिला. त्यानं कुणाचं काही बिघडलंही नाही, कारण सरांच्या गळ्यात त्यांची स्वतःची दुर्बीण असायची. पक्षी शोधता शोधता ते बघूनही घ्यायचे, मग दुसऱ्यांना दाखवायचे. आता गळ्यात दुर्बीण नव्हती. शोधणं राहिलं होतं, बघणं गेलं होतं, आणि सगळे आपले इमानदारीत रांगेत उभे होते. एवढी शहाणी माणसं, पण एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात सरांना रोहित पक्षी दिसले, गुलाबी पायांचे फ्लेमिंगो. थवा लांब होता पण निवांत चरत होता, कुठं जाणार नव्हता. या वेळी सरांची पाळी आली तेव्हाही ते तिथंच होते. सर वाकले, आणि सवयीनं त्यांनी दोन्ही हातांनी नळी धरली. संपली गोष्ट. स्कोपाचं तोंड त्यांच्या हातांबरोबर नाचायला लागलं. सर मागं झाले.

"बघितले," ते म्हणाले. "सुंदर."

त्यांनी काहीही बघितलं नव्हतं. मी पुढं जाऊन पॉवरची रिंग बघितली. साठवर होती.

"साठवर कुणी ठेवलं हे?"

"मी," गायकवाड म्हणाले. "साठ असताना वीसवर कशाला बघायचं?"

मी रिंग वीसवर आणली. "सर, दोन गोष्टी. हात पाठीमागं बांधायचे, नळीला लावायचे नाहीत. नुसता डोळा न्यायचा तिच्याजवळ."

"मास्तरांना हात मागं!" गायकवाड एकदम खूश झाले.

"आणि दुसरी, रांगेत पहिलं तुम्ही उभं राहायचं."

सरांचं हसू गेलं. "ते नाही मॅडम. तो नियम आहे."

"नियम तुमचाच आहे ना? मग बदला."

"माझाच आहे म्हणून तर बदलता येत नाही. इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, की सापडलं त्यानं शेवटी बघायचं. आता माझ्यावर वेळ आली म्हणून मोडू?" मग एकदम हळू म्हणाले, "आणि सगळं बघून झालंय माझं. पोटभर बघितलंय."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. अहो, पोटभर बघितलं असेल, पण भूक गेलीय असं तुमचा चेहरा सांगत नाही, असं काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मासेमारांची एक होडी काठाजवळून गेली आणि रोहितांचा थवाच्या थवा उठला. सगळ्यांनी माना वर केल्या. सरांनीही केली. उडताना त्यांच्या पंखांचा लाल रंग नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता, आणि सर तो शेवटपर्यंत बघत राहिले.

गायकवाड मात्र आमच्यात नव्हते. ते ट्रायपॉड खांद्यावर टाकून काठाकाठानं पुढं चालत निघाले होते. जरा वेळानं त्यांची हाक आली.

"सर! पक्षी! मला सापडला!"

आम्ही सगळे धावलो. ग्रुपमध्ये असं कधी झालं नव्हतं. गायकवाडांनी स्कोप लावून ठेवला होता. सरांनी नुसत्या डोळ्यांनी तिकडं बघितलं.

"गायकवाड, तो दगड आहे."

"मगाशी हलला होता."

"चांगला दगड आहे. पण दगडच आहे."

लोक हसले. गायकवाडांनी ट्रायपॉड उचलला आणि पुढं गेले. परत हाक आली. या वेळी खताची फाटकी गोणी होती. तिसऱ्या वेळी पाण्यात बसलेल्या म्हशीची पाठ. बँकवाले पोट धरून हसत होते. मी हसत नव्हते, कारण हा माणूस काय करतोय ते माझ्या लक्षात आलं होतं. पक्षी सरांना सापडला तर सर शेवटी. गायकवाडांना सापडला तर गायकवाड शेवटी. आयुष्यात एकही पक्षी न सापडलेला माणूस जिवाच्या आकांतानं पक्षी शोधत होता.

मग एका नांगरलेल्या तुकड्याशी ते थांबले. या वेळी ते ओरडले नाहीत. स्कोप लावला, फोकस केला, पॉवरची रिंग स्वतःच्या हातानं वीसवर आणली. आणि वळून हात हलवून बोलावलं.

ढेकळांमध्ये एक टिटवी उभी होती. साधी टिटवी. गावोगाव दिसते, जरा जवळ गेलं की ओरडून रान डोक्यावर घेते. ही मात्र गप्प उभी होती.

"मला सापडली," गायकवाड म्हणाले. "मी शेवटी. लावा लाईन."

कुणीच हललं नाही. डॉक्टरीणबाई पदराशी चाळा करत राहिल्या. बँकवाल्यांना अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

"सर, पुढं व्हा," गायकवाड म्हणाले. "नियम हाय."

सरांनी त्यांच्याकडं बघितलं. मग ते पुढं झाले, पाठीमागं हात बांधले आणि वाकले.

मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. पाठीमागं एकमेकांत गुंतलेली बोटं हलत होती, पण नळी जागची हलत नव्हती.

"हौ," सर म्हणाले. टिटवी दोन पावलं चालली असावी, कारण सरांनी डोळा तसाच ठेवून मान किंचित वळवली.

"टिटवी आहे रे, गायकवाड."

"व्हय सर."

"तिच्या डोळ्यापुढं लाल कातडं असतं बघ, चोचीपासून वर. ती मान हलवते ना, तसं ते हलतंय. अगदी स्वच्छ दिसतंय. आणि डोळ्याभोवतीची लाल कड. किती वर्षं झाली मी ती कड बघून..."

सरांनी डोळा काढला तेव्हा चष्मा धुकं धरल्यासारखा झाला होता. तो काढून पुसायला त्यांनी हात पुढं केला आणि हात थरथरायला लागला. गायकवाडांनी त्यांच्या हातातून चष्मा घेतला, स्वतःच्या रुमालानं दोन्ही बाजूंनी पुसला, उजेडात धरून तपासला आणि सरांच्या नाकावर बसवला.

बाकीच्यांनी एकेक करून बघितलं. सगळ्यात शेवटी गायकवाड वाकले. टिटवी तोवर उडून गेली होती.

"दिसली का रे?" सरांनी विचारलं.

"मलाच तर सापडली होती सर," गायकवाड म्हणाले.

परतताना बिडकीनला गायकवाड चहा सांगायला उतरले. गाडीत आम्ही दोघंच होतो. मला राहवलं नाही.

"सर, ती टिटवी तुम्हाला आधी दिसली नव्हती?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "मॅडम," ते म्हणाले, "टिटवी कुणाला दिसत नाही?"

गायकवाड ग्लास घेऊन आले. सरांचा अर्धा भरलेला होता. सरांनी तो बघितला आणि म्हणाले, "आज पूर्ण आण. सांडला तर सांडला."

स्कोप त्यांनी ठेवून घेतला. गायकवाडांनी पॉवरच्या रिंगवर लाल चिकटपट्टी मारली, तिच्या पलीकडं कुणी गेलं तर रिजेक्ट. ग्रुपचा नियम अजूनही तोच आहे, त्यात एक अक्षर बदललेलं नाही. पण हल्ली काय होतं, की साळुंकी, वंचक, शेकाट्या असले रोजचे पक्षी सरांना सापडतच नाहीत. ते गायकवाडांनाच सापडतात. दुर्मिळ काही आलं, की ते मात्र सर शोधतात आणि शेवटी उभे राहतात. शेवटच्या सीझनचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. मीही विचारलं नाही.

आता कुणी स्कोप घ्यायला आलं, की मी पॉवर, भिंग, वजन सगळं सांगते, पण ते मागाहून. आधी एकच विचारते, "तुमच्यात पहिलं कोण बघतं?" लोकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. मग ते एकमेकांकडं बघायला लागतात, आणि स्कोप नेमका कुणासाठी काढायचा ते मला कळतं.